मामांची खोली गार करताना

स्लॅबच्या घरात ऊन खिडकीतून येत नाही, डोक्यावरून येतं, हे मला घर बांधून झाल्यावर कळलं. बांधत असताना सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. फरशी कुठल्या रंगाची, ग्रिलला मोराची नक्षी की नुसत्या उभ्या सळया, यावर आमच्याकडे आठवडेच्या आठवडे भांडणं झाली. छताचा विषय मात्र एका वाक्यात मिटला. "स्लॅब टाकायचा," नवरा म्हणाला, आणि ते अशा सुरात म्हणाला की छपराच्या बाबतीत माणसाला आता काही शिकायचं उरलेलंच नाही.

वसमतच्या आमच्या कॉलनीत अजून झाडं वाढायची आहेत. आमच्या घराच्या पश्चिमेला तर नुसते रिकामे प्लॉट आणि त्यात माजलेलं गाजरगवत. दुपार कलली की ऊन सरळ त्या बाजूच्या भिंतीवर येतं आणि भिंत ते पहाटेपर्यंत सोडत नाही. नेमकी त्या भिंतीच्या आत सासऱ्यांची खोली. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, उंच, काटक, पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारे, आणि कुणी काही सांगितलं की ऐकल्यासारखं करून स्वतःच्याच मनाचं करणारे. सासूबाई गेल्यापासून ती खोली, एक खाट आणि एक रेडिओ एवढाच त्यांचा संसार.

मागच्या उन्हाळ्यात मी दुपारी शाळेतून आले. एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मी शिकवते, उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. घरात शिरले तर मामा खाटेवर आडवे, अंग नुसतं भाजत होतं, डोळे उघडे पण ओळख नाही. शेजारणीने मी यायच्या आधीच त्यांच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलेलं होतं. रिक्षात घालून नेलं, सलाईन लावली, अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "यांचं हृदय आता असलं काही झेलणार नाही. पुढचा उन्हाळा गार जागेत काढला पाहिजे. पुन्हा असं झालं तर मला फार काही करता येणार नाही."

नवरा तेव्हा औषधं आणायला गेला होता. त्यामुळे ते वाक्य माझ्या एकटीच्या वाट्याला आलं, आणि पुढचं वर्षभर मी एकटीच ते डोक्यावर घेऊन फिरले.

नवऱ्याचा पहिला उपाय म्हणजे कूलर. त्याने तो मोठ्या हौसेने आणला, खिडकीत बसवला, आणि आपलं कर्तव्य संपलं म्हणून हात झटकले. आता कूलरला दोन गोष्टी लागतात, लाईट आणि पाणी. आमच्याकडे ऊन चढलं की लाईट जाते, आणि नळाला पाणी कधी येईल हे नळ सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दोन्ही एकत्र असले तर कूलर असा घोंघावायचा की मामांना रेडिओ ऐकू यायचा नाही, मग ते उठून कूलर बंद करायचे. वर त्यांचे गुडघे दुखायला लागले. "हवा ओली हाय," म्हणायचे. मी म्हटलं, "मामा, तो कूलर आहे, ओलीच असणार." तर म्हणाले, "मग काहून आणला?"

खोलीत हवा गार करून सोडण्यापेक्षा आत येणारं ऊनच अडवावं, एवढी साधी गोष्ट मी नवऱ्याला किती वेळा समजावली असेल. तो ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक आहे. विज्ञानातलं वाटेल ते सांगा, मान हलवतो. अखेर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि एका संध्याकाळी तो टेंपोभर थर्मोकोल घेऊन आला. मंडप-डेकोरेशनवाला मित्र होता, त्याच्याकडचा वापरलेला माल. थर्मोकोल उष्णता अडवतो हे बरोबर आहे, त्यात मी त्याला दोष देत नाही. पण त्याने ते तुकडे धुतलेसुद्धा नाहीत. जसे होते तसे, लाकडी पट्ट्यांत अडकवून मामांच्या खाटेवर छताला ठोकले. त्यावर सोनेरी चमकी, गुलाबी कागदी फुलं, आणि बरोबर मधोमध "शुभविवाह" मधलं "विवाह".

मामा त्या "विवाह"कडे बघत पडलेले असायचे. बघायला येणारा प्रत्येकजण वर बघायचा, मग मामांकडे बघायचा. विहारातले एक गृहस्थ म्हणाले, "काय विचार हाय मंग?" मामा हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे थर्मोकोलच्या वर उंदरांनी घर केलं. रात्रभर कुरतडायचे आणि सकाळी मामांच्या पांघरुणावर पांढरे दाणे पडलेले असायचे. एका दुपारी "विवाह"चा अर्धा भाग पंख्यावर आला. मामा सुदैवाने न्हाणीत होते. नवरा म्हणाला, "पट्टीचा खिळा आखूड पडला." मी सगळं उपसून प्लॉटमध्ये फेकलं.

मग मी ठरवलं की आता स्वतःच बघायचं. आमच्या शाळेच्या एका वर्गाला पश्चिमेकडून तुराट्यांचा कूड बांधलेला होता. तूर झोडपून झाल्यावर ज्या काड्या उरतात त्या तुराट्या, त्या एकीला एक लावून बांधायच्या आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून उभ्या करायच्या. ऊन काड्यांवर अडतं, मधल्या जागेतून वारा वाहतो, भिंत सावलीत राहते. त्या वर्गातली पोरं दुपारी पेंगत नाहीत, एवढा पुरावा मला बास होता. एका पालकाच्या शेतातून तुराट्या आणल्या, बांबू रोवले, दोन बायांना हाताशी घेऊन रविवारी कूड उभा केला.

मामा बाहेर येऊन उभे राहिले. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"कुडातून भायेर निघायला माझ्या बापाची अन् माझी जिंदगी गेली," ते म्हणाले. "आमच्या खानदानात पयला स्लॅब ह्यो. अन् तुमी त्याला कूड लावून राहिले."

मामांचं बालपण शिरड शहापूरच्या बाजूला, कुडाच्या भिंतींच्या एका खोलीत गेलं होतं, पावसात त्या भिंतींवरची माती वाहून जायची हे मी ऐकलेलं होतं. त्यांचा राग मला कळत होता, आणि कळत असूनही माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "मामा, आत कूड नाही, बाहेर आहे. तुम्ही कुडात राहत नाही, कूड तुमच्यासाठी उन्हात उभा आहे." त्यांना ते पटलं नाही. पण पुढचे काही दिवस ते दुपारी भिंतीला पाठ टेकून बसायला लागले, आधी त्या भिंतीला कुणी बोट लावू शकत नव्हतं.

भिंतीचं झालं, राहिलं छत. त्यासाठी चुना. नुसता चुना पहिल्या वाऱ्याला उडतो, म्हणून त्यात फेविकॉल घालून दोन हात द्यायचे. गच्ची पांढरीफेक झाली की ऊन आल्या पावली परत जातं. फाल्गुन सरायच्या आत मी हे करायचं ठरवलं आणि त्याआधी नवऱ्याला एकच काम सांगितलं. एकच.

आता इथे हळदीचं सांगायला हवं. मामांचे धाकटे भाऊ गावाकडे शेती करतात. त्यांना मी काका म्हणते. वसमत म्हणजे हळदीचा बाजार. काका हळद गावाकडे शिजवायचे आणि वाळवायला आमच्या गच्चीवर आणायचे. इथेच वाळवायची, इथेच वरची साल घासून पॉलिश करायची, इथेच विकायची. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पंधरा दिवस आमची गच्ची पिवळी असायची, घरभर तो मातकट वास, जिन्यावर पिवळे पाय. काका आणि गावाकडची आणखी दोघं-तिघं दिवसाआड यायची, हळद पलटायची, मामांच्या खोलीत बसून भाकरी खायची, मोठमोठ्याने बोलायची. मला त्या पंधरा दिवसांत भांडी पुरायची नाहीत.

तर मी नवऱ्याला सांगितलं, "काकांना फोन करून सांगा, या साली गच्चीवर चुना आहे. हळद दुसरीकडे वाळवा." तो म्हणाला, "सांगतो."

ज्या बायकांचे नवरे "सांगतो" म्हणतात त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

चुना मी आणि नवऱ्यानेच दिला. उन्हं वर यायच्या आत एक हात, संध्याकाळी दुसरा. वाळल्यावर गच्ची अशी झळकायला लागली की डोळे मिटावेत. शेजारीण म्हणाली, "मॅडम, तुमच्या गच्चीचा उजेड माझ्या सैपाकघरात येऊन राहिला." मी म्हटलं, येऊ द्या. भर दुपारी मी मामांच्या खोलीत स्टुलावर चढले आणि छताला हात लावला. एरवी हात भाजायचा. आता नुसतं कोमट. मी तशीच स्टुलावर उभी राहिले, हात छताला लावून, आणि त्या दिवशी मला वाटलं की वर्षभरापासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला. "मामा, हात लावून बघा ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "बरं केलं." एवढंच, पण मला तेही पुष्कळ होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी मी शाळेतून आले तर दारात टेंपो उभा.

जिना चढून वर गेले. माझी पांढरी गच्ची दिसतच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत शिजवलेली हळद, ओली, वाफा निघणारी. आणि त्या हळदीच्या मधोमध, डोक्याला टॉवेल गुंडाळून, अनवाणी, बारा-साडेबाराच्या उन्हात मामा. पायाने हळद पसरत होते. काका माल उतरवून टेंपोवाल्याबरोबर चहा प्यायला गेले होते.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं. "खाली या," "आत्ताच्या आत्ता खाली या," "ती खोली कुणासाठी केली मी," असं काहीतरी. मामा म्हणाले, "इतकी पसरतो अन् येतो." पाय थांबले नाहीत.

पलीकडच्या गच्चीवर शेजारीण कपडे वाळत घालत होती. ती मध्येच म्हणाली, "मामा, ऐका मॅडमचं. गेल्या साली बी असंच केलं अन्..." आणि थांबली.

"गेल्या साली काय?" मी विचारलं.

ती मामांकडे बघायला लागली. मामा हळदीकडे.

"काय झालं होतं गेल्या साली?"

"न्हाई, म्हंजे, मी सांगणार न्हाई म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "पर आता सांगत्येच. हितंच चक्कर आली त्यांना, वर. हळद पलटून राहिले व्हते. मीच हाताला धरून जिन्यानं उतरवलं, खाटेवर टाकलं. तर मलाच दम देऊन राहिले, सूनबाईला सांगू नको, हळद बंद करल म्हनून."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसले. कूलर. थर्मोकोल. उंदीर. तुराट्या. चुना. वर्षभर मी एका खोलीच्या मागे लागले होते. आलेल्या-गेलेल्याला ती खोली दाखवत होते, तिच्या भिंतीला हात लावून बघत होते. आणि तो माणूस खोलीत नव्हताच. तो वर होता, उघड्यावर, सगळं ऊन डोक्यावर घेऊन. डॉक्टरांनी बाहेर बोलवायच्या आधी मी त्यांच्यासमोर रडवेल्या आवाजात म्हटलं होतं, "त्यांची खोलीच फार तापते हो." हे महाशय शेजारीच पलंगावर डोळे मिटून ऐकत पडले होते. एक शब्द बोलले नव्हते.

"काय म्हणून, मामा?" मी विचारलं. "काकांकडे माणसं नाहीत का? पायाने पलटायची एवढी कसली हौस?"

तेव्हा ते थांबले. पाय हळदीतच होते.

"ल्हानपणी आमी दोघं भाऊ दुसऱ्याच्या खळ्यावर हळद पलटायचो," ते म्हणाले. "मालक सावलीत बसायचा. ही आपली हळद हाय, अन् खाली आपला स्लॅब हाय."

ते ऐकून माझा राग आणखीच वाढला. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना खाली आणलं. ते आले, कारण खरोखरच त्यांचे पाय लटपटायला लागले होते.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी काका एका गड्याला घेऊन आले आणि हळद पलटायला वर गेले. वर गेले ते बराच वेळ खाली आले नाहीत. नंतर हाक आली, "दादा, वर या जरा."

आम्ही सगळेच गेलो. हळकुंडं वरून पिवळी होती. काकांनी पायाने ओळ उलटली, तर खालून लाल. ठिकठिकाणी लालभडक. ओली हळद रात्रभर चुन्यावर पडून होती, दुसरं काय होणार? चुना लागला की हळद लाल होते हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक आहे. कुंकू असंच करतात. मामांना ठाऊक होतं, त्यांचं लहानपण हळदीत गेलं. काकांना ठाऊक होतं, पण काल टेंपो रिकामा करायची घाई, त्यांनी पांढरी गच्ची बघितली आणि ऑईलपेंट समजले. मला ठाऊक होतं, पण मी उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघत होते. आणि माझा नवरा! दरवर्षी पोरांसमोर हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवून तो लाल करून दाखवतो. त्याचा तो ठरलेला प्रयोग आहे. तो गच्चीवर आला, खाली वाकला, आणि म्हणाला, "हां, अल्कली."

आम्ही बौद्ध. आमच्या घरात कुंकवाचा करंडा नाही. आणि आमच्या गच्चीवर अख्ख्या कॉलनीला पुरेल एवढं कुंकू तयार होत होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

काका हसले नाहीत. "दादा, तुमाला चुना ठावं व्हता ना?"

"वाळला व्हता," मामा म्हणाले. "वाळलेला काय करतोय, म्हनलं."

"अन् मला फोन काहून न्हाई केला?"

मामा नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा माझ्याकडे. मी तिघांकडेही बघितलं नाही. नवरा म्हणाला, "काका, मी सांगणारच होतो."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात गड्याला पोती आणि टेंपो आणायला सांगितलं. हळद अजून ओली होती, तरी भरायला लागले. मामा मदतीला वाकले तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दादा, तुमाला डाक्टरनं मना केलंय." हे त्यांना शेजारणीकडून कळलेलं असणार. पोती खाली गेली. जाताना काका जिन्यात थांबले. "पॉलिशमधी निघंल बराबर," ते म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून असेल. मग मामांना म्हणाले, "तुमाला पुन्हा तकलीफ न्हाई देणार. तुमचं घर आता शहरातलं झालं, दादा." मामांनी दाराला धरलेला हात टेंपो गेल्यावरही काढला नाही.

त्या दिवसापासून मामा खोलीत राहायला लागले. अगदी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. ऊन चढायच्या आत आत, उतरल्यावर बाहेर. गच्चीचं नाव नाही. मी पुन्हा चुन्याचा एक हात दिला, त्यावर पिवळं काही राहिलं नाही. चैत्र गेला. गावात लोक रस्त्यावरून सावली धरून चालायचे, आमच्या कॉलनीतल्या बायका दुपारी ओल्या चादरी खिडक्यांना लावायच्या, आणि मामांच्या खोलीत पंखासुद्धा मंद लावला तरी चालायचा. कूलर तर काढून न्हाणीमागे ठेवला, त्यात कबुतरांनी काड्या आणल्या. नवरा विजेच्या मीटरकडे बघून खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला आता तो खोली दाखवायचा, "आम्ही केलं," म्हणून. आम्ही!

आणि मामा गप्प. म्हणजे पूर्वीही ते फार बोलायचे नाहीत, पण ते गप्प राहणं निराळं होतं. आता विचारावं, "रेडिओ लावू?" तर नको. "विहारात सोडू?" तर नको. जेवायला दिलं तर जेवणार, पाणी दिलं तर पिणार. एखादी गाडी रद्द झालेली असावी आणि प्रवाशाला कुणी सांगितलंच नसावं, तसे ते खाटेवर बसलेले असायचे. मला तर अक्षरशः त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं. अहो, मी तुमचा जीव वाचवला ना? मग जरा जगून दाखवा की!

नवऱ्याला म्हटलं, काकांना फोन करा. म्हणाला, "करतो." मग मीच केला. काका नीट बोलले, खुशाली विचारली, आणि म्हणाले, "कामात हाय, बघू." मला "बघू"चा अर्थ लावायला कुणी शिकवायला नको होतं.

वैशाखात शाळेला सुट्ट्या लागल्या. एका दुपारी दाराची कडी वाजली. काका होते. हळद विकायला बाजारात आले होते, वजनाचा काटा झाला होता, गावाकडे परत जायचा टेंपो अजून भरायचा होता. चेहरा उन्हाने काळा-तांबडा पडलेला. "घोटभर पानी द्या बाई," म्हणाले, आणि चौकटीच्या बाहेरच उभे. मी म्हटलं, "आत या." तर म्हणे, "न्हाई, पाय धुळीचे हायेत." ज्या माणसाच्या पिवळ्या पायांनी माझी फरशी दरवर्षी रंगायची, त्याला आज धूळ दिसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "काका," मी म्हटलं, "पाणी मामांच्या खोलीत ठेवलेलं आहे. प्यायचं असेल तर तिथे जाऊन प्या." आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेले.

मागे वळून बघितलं नाही, पण ऐकत होते. बऱ्याच वेळाने पावलं आत गेली. तांब्या वाजला. मग काकांचा आवाज, "हितं इतकं गार काहून हाय?"

"सूनबाईनं केलं," मामा म्हणाले.

"कूलर हाय?"

"न्हाई."

पुढे काही ऐकू येईना. मी चहा टाकला. हळदीचं काय झालं, पॉलिशमध्ये लाल गेलं का, भाव काय लागला, भांडण झालं तर कुणी काय म्हटलं, हे सगळं मला ऐकायचं होतं, आणि त्या दोघांना अजिबात बोलायचं नव्हतं असं दिसत होतं. दूध उतू जाताजाता मी कान देत होते. शेवटी न राहवून दारात गेले.

काका मामांच्या खाटेवर झोपले होते. बसल्या बसल्याच कलले असावेत, पाय खालीच होते, तोंड थोडं उघडं. किती दिवसांनी गार जागेत पाठ टेकली असेल कुणास ठाऊक. मामा खाली फरशीवर बसले होते, भिंतीला टेकून, भावाच्या पायांशी. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. एवढ्यासाठी वर्षभर मला कशाकशातून जायला लावलंत!

मी परत येऊन कप काढायला लागले तर बशी हातातून निसटून ओट्यावर वाजली. क्षणात मामा स्वयंपाकघराच्या दारात. इतक्या चपळाईने हलताना मी त्यांना किती महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात काकांचा फोन होता, थरथरत होता, पडद्यावर टेंपोवाल्याचं नाव. खिशातून काढून आणला होता.

"अहो मामा, टेंपो निघाला असेल त्यांचा," मी म्हटलं. "चहाही झालाय. उठवा ना त्यांना."

मामांनी फोन डाळीच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं.

"नको, बाई," ते म्हणाले. "उठला की जाईल त्यो."